घरात कुणाला ओसीडी असेल तर या चुका टाळा

समुपदेशनासाठी येणाऱ्या कुटुंबांकडून एक वाक्य मी सतत ऐकते: "आम्ही त्याला किती समजावलं, पण पटतच नाही." त्या समजावण्यात माया असते, जागून काढलेल्या रात्री असतात. आणि बहुतेक घरांत आजार नेमका त्या समजावण्यावरच वाढत असतो.

ओसीडीचं, म्हणजे मंत्रचळाचं, चक्र असं चालतं. नकोसा विचार मनात घुसतो, भीती किंवा किळस उसळते आणि ती शमवण्यासाठी माणूस काहीतरी करतो. हात धुतो, तपासतो, मोजतो, कुणाला तरी विचारतो. थोडा वेळ सुटल्यासारखं वाटतं. पण मेंदू त्या सुटकेतून एवढंच शिकतो की धोका खरा होता, कृती केली म्हणून निभावलं. पुढच्या वेळी भीती आणखी जोरात येते.

सगळ्यात महागात पडणारी चूक: पुन्हापुन्हा खात्री देणं

एका जोडप्याचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नवरा कामावर पोचला की बायकोला फोन करायचा, "गॅस बंद आहे ना?" ती "हो" म्हणायची. थोड्या वेळाने पुन्हा तोच फोन. ते आधी जिथे सल्ल्यासाठी गेले होते, तिथे त्यांना सांगितलं होतं की तो घाबरलेला असतो, तेव्हा न चिडता दर वेळी शांतपणे उत्तर द्या. बायकोने ते मनापासून पाळलं. तोंडी उत्तर पुरेना, तेव्हा ती शेगडीच्या बटणांचा फोटो पाठवू लागली. मग फोटो कालचा तर नसेल ना, अशी शंका आली म्हणून व्हिडिओ. व्हिडिओत तारीखही मोठ्याने म्हणायची. एक दिवस तिचा फोन लागला नाही, तर तो काम टाकून घरी आला. माझ्याकडे आले तेव्हा दोघंही पार थकले होते, आणि तरी आपणच कुठेतरी कमी पडतोय असं दोघांनाही वाटत होतं.

असा सल्ला देणाऱ्यांचा मला राग येतो. तपासण्याने खात्री वाढत नाही, हे कधीच दाखवून झालंय. नेदरलँड्समधल्या व्हॅन डेन हाउट आणि किंड्ट या संशोधकांनी २००३ साली निरोगी लोकांना संगणकावरची गॅस शेगडी वारंवार तपासायला लावली. त्यांची आठवण फारशी चुकली नाही, पण ती धूसर झाली आणि त्यांचा तिच्यावरचा विश्वास उडाला. म्हणजे ज्याला आजार नाही त्याचंही असं होतं. मग आधीच शंकेने पोखरलेल्या माणसाला आणखी एक व्हिडिओ काय देणार?

अशा वेळी मी दोघांना समोर बसवते. घरच्यांनी परस्पर उत्तरं बंद केली तर ती शिक्षा वाटते, म्हणून ठरलेली गोष्ट ज्याला त्रास आहे त्याने स्वतः मान्य केलेली हवी. या दोघांनी आधी व्हिडिओ बंद केले, मग फोटो, मग तोंडी उत्तर. उत्तराच्या जागी एक वाक्य ठरलं: "हा ओसीडीचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर देत नाही. तुला त्रास होतोय हे मला कळतंय." वाक्यातला दुसरा भाग मी कधीच गाळू देत नाही. तो नसेल तर नुसता नकार उरतो.

सुरुवातीला फोन वाढले. ते वाढणारच असतात, आणि घरची माणसं कच खातात ती नेमकी इथे. "आज त्याचं महत्त्वाचं काम आहे, आजच्यापुरतं सांगते." पण जास्त वेळ विचारत राहिलं की उत्तर मिळतं, हेच त्या एका उत्तरातून शिकलं जातं आणि पुढची मागणी जास्त चिवट होते. या बाईने कच खाल्ली नाही. हळूहळू फोनांमधलं अंतर वाढलं. गॅसची खात्री त्याला शेवटपर्यंत मिळाली नाही. खात्रीशिवाय दिवस काढता येतो, हे मात्र त्याला अनुभवाने कळलं, आणि उपचारातून हेच हवं असतं.

आणखी एक. खात्री फक्त माणसांकडूनच मागितली जाते असं नाही. रात्री दोन वाजता इंटरनेटवर लक्षणं शोधणं, चॅटबॉटला तोच प्रश्न शब्द फिरवून विचारणं, समोरच्याचा चेहरा वाचत बसणं, हे सगळं त्यातच मोडतं.

थोडक्यात सांगण्याजोग्या चुका

टापटिपीला ओसीडी समजणं. डीएसएम-५ या २०१३ च्या निदान-पुस्तिकेत हा आजार धरताना विचार आणि कृती रोज एका तासाहून अधिक वेळ खातात का, किंवा त्यापायी मोठा त्रास होतो का, कामाचा खोळंबा होतो का, हे पाहतात. कपाट नीट लावून ज्याला आनंद होतो, त्याला हा आजार नाही.

विचार दाबणं, विचार आला की तो थांबवायला मनगटावरचा रबरबँड ओढून सोडणं. करू नका. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं. ते अस्वल वारंवार येत राहिलं.

विचाराला इच्छा समजणं. नवी आई बाळाला इजा करण्याच्या विचाराने हादरते, बाळाला एकटी घ्यायलाही घाबरते आणि लाजेपायी कुणाला सांगत नाही. रॅकमन आणि डी सिल्व्हा यांनी १९७८ मध्येच दाखवलं की आजार नसलेल्या बहुतेक लोकांच्या मनातही असे भयंकर विचार येऊन जातात. ज्याची किळस वाटते ती आपली इच्छा नसते. जीव द्यावासा वाटत असेल किंवा भास होत असतील तर मात्र ती वेगळी गोष्ट आहे, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

घाई

ओसीडीवर सर्वांत भरवशाची मानसोपचार पद्धत म्हणजे ईआरपी: भीतीला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. तिचा पाया व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये घातला. हल्ली लोक यावर एखादा व्हिडिओ पाहतात आणि दुसऱ्या दिवशी थेट सर्वांत अवघड भीतीला हात घालतात. सार्वजनिक शौचालयाच्या कडीला हात लावतात, घाबरून तासभर आंघोळ करतात आणि "ईआरपी माझ्यावर चालत नाही" असं जाहीर करतात. सामोरं गेल्यावर नेहमीची कृती केली, तर भीतीचीच तालीम झाली.

मी यादी करायला लावते. शून्य ते शंभर, कोणत्या गोष्टीने किती त्रास होतो ते लिहायचं आणि सुरुवात तीस-चाळीस आकडा दिलेल्या गोष्टींपासून करायची. कंटाळवाणं आहे, पण टिकतं.

घाई करणाऱ्यांची दुसरी फसगत मनातल्या मनात होते. हात धुतले नाहीत, पण आत आकडे मोजले, 'काही होणार नाही' असं घोकलं, घडलेला प्रसंग पुन्हा आठवून तपासला. या दिसत नसल्या तरी कृतीच आहेत. म्हणून मी दर वेळी विचारते, "बाहेर काय केलंस ते कळलं, आत काय केलंस?"

औषधांबाबतही तेच. एसएसआरआय या, नैराश्यावरही दिल्या जाणाऱ्या, गटातल्या गोळ्यांना ओसीडीत ८ ते १२ आठवडे द्यावे लागतात, आणि डोसही बऱ्याचदा नैराश्यात लागतो त्यापेक्षा जास्त लागतो. तिसऱ्या आठवड्यात "फरक नाही" म्हणून गोळ्या सोडणारे, बरं वाटताच आपल्या मनाने एकदम थांबवणारे, आणि झटपट आराम मिळावा म्हणून झोपेच्या किंवा चिंता कमी करण्याच्या गोळ्यांवर भिस्त ठेवणारे मला सारखे भेटतात. डोस बदलणं, कमी करणं, बंद करणं हे मानसोपचारतज्ज्ञांशी बोलूनच करा.

थेरपिस्टला पहिल्याच भेटीत विचारा: तुम्ही ईआरपी करता का, दोन भेटींच्या मधल्या दिवसांत सराव देता का, घरच्यांनाही बोलावता का? तिन्हीची उत्तरं गोलमोल आली तर दुसरा शोधा.