विहिरीतलं ते डोकं कोणाचं? साप आणि कासव ओळखण्याची माझी पद्धत

रात्री नऊ-साडेनऊला फोन येतो. "काकू, विहिरीत जनावर आहे, लौकर या." दिवेलागणीनंतर आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत. 'जनावर' म्हणतात, 'किरडू' म्हणतात, घाटावरचा माणूस असेल तर 'लांबडं'. त्यामुळे नेमकं काय दिसलंय हे फोनवर कळायची पंचाईत. चिपळूणच्या अलीकडे माझं किराणा दुकान आहे. तांदळाच्या पोत्यांमागे सापाची काठी आणि कापडी पिशवी कायम तयार असते. बावीस वर्षांत निम्मे फेरे तरी फुकट गेले असतील. म्हणून आता निघायच्या आधी काय विचारते, ते लिहिते आहे. तुमच्याही उपयोगाचं आहे.

विहिरीत नुसतं डोकं दिसतंय

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच. आपल्याकडच्या विहिरींत, तळ्यांत मऊ पाठीचं कासव असतं. मान लांब, डोकं निमुळतं, नाकाचं टोक नळीसारखं पुढे आलेलं. श्वास घ्यायला ते तेवढंच वर काढतं. बॅटरीच्या उजेडात वरून बघणाऱ्याला तो साप वाटला तर त्याचा काही दोष नाही. दिवड, म्हणजे विरोळा, तोही पाण्यात असंच डोकं वर धरून थांबतो.

पाच मिनिटं नुसतं बघा. कासव आलं तसं खाली जातं, सरळ बुडतं, आणि थोड्या वेळाने भलत्याच कोपऱ्यात उगवतं. साप हलला की मागे अंगाची नागमोडी रेघ उमटते. विहिरीत पडलेला साप तर कडेकडेने फिरतो, दगडाच्या फटीत शिरायला बघतो. जीभ आत-बाहेर होत असेल तर सापच. जवळून बघायची वेळ आली तर डोळे बघा. कासव पापण्या मिटतं, सापाला पापण्याच नसतात.

मी स्वतः हे बघितलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. शिमग्याचे दिवस होते. अकरा किलोमीटर स्कूटरवर गेले, दोराने बांधलेली टोपली सोडली, तासभर खटपट केली आणि वर आलं ते कासव. हसून त्याला दोन्ही बाजूंनी, पुढच्या पायांपाशी धरलं. त्याची मान किती लांब वळते याचा अंदाज मला तेव्हा आला. कासवाला दात नसतात, चोच असते, अडकित्त्यासारखी. नख काळंनिळं पडलं. धरायचंच तर मागच्या बाजूने, मागच्या पायांपाशी. त्यापेक्षा बादली बरी.

एवढ्यात घरातल्या आजी बाहेर आल्या. म्हणाल्या, "अगो, ते आमचंच. मामंजींनी सोडलेलं, पाणी स्वच्छ राहायला." विहिरीत कासव सोडायची ही पद्धत कोकणात जुनी आहे. मुंबईहून सुट्टीला आलेल्या नातवंडांना ती ठाऊक नव्हती, इतकंच. ओंजळभर पाणी अंगावर घेऊन कासव परत विहिरीत गेलं. म्हणून आता माझा पहिला प्रश्न असतो, "घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलंत का?"

खड्ड्यात अंडी सापडली

शेणखताचा खड्डा उपसताना, गडग्याचे चिरे हलवताना अंडी निघतात आणि मग सगळं घर अंगणात. सापाची अंडी लांबट, पांढुरकी, बोटाने दाबली तर चामड्यासारखी दबणारी, आणि बहुधा एकमेकांना चिकटलेला त्यांचा झुबका असतो. आपल्या तळ्यांतल्या कासवांची अंडी कडक कवचाची, मातीत पुरलेली, सुटी सुटी. समुद्री कासवाचं अंडं टेबलटेनिसच्या चेंडूसारखं गोल आणि मऊ, पण ते तुमच्या परसात मिळायचं नाही. घोरपडीची अंडीही लांबट असतात, त्यामुळे लांबट दिसलं की सापच अशी पैज मी लावत नाही.

"घोणशीची अंडी आहेत" असं कुणी छातीठोक सांगितलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. घोणस आणि फुरसं थेट पिल्लं घालतात. मांडूळही. कासवाची मात्र एकही जात पिल्लं घालत नाही, सगळी अंडीच.

अंडी कुणाचीही असोत, उलटीपालटी करू नका. आतला गर्भ कवचाला चिकटलेला असतो, फिरवलं की मरतो. होती तशी, त्याच बाजूने, माती ओढून झाका.

वाळूवरच्या खुणा

वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवी अंडी घालायला रात्री वर येते. पहाटे दिसतो तो तिचा माग दोन-अडीच फूट रुंद असतो. दोन्ही बाजूंना वल्ह्यांचे फराटे, ते एकासमोर एक नाहीत, एकाआड एक. साप गेला असेल तर एकच वळणावळणाची रेघ, पायाचं नाव नाही. वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने घरटी राखायचं काम सुरू केलं, त्यानंतर गावातली पोरंसुद्धा असे माग वाचायला शिकली.

रापणीच्या जाळ्यात समुद्रसाप येतो, त्याची गोष्ट वेगळी. शेपूट वल्ह्यासारखी चपटी असते. जमिनीवर त्याला धड सरकता येत नाही, म्हणून लोक त्याला मेलेला समजून हाताने फेकतात. हे करू नका. आपल्या दवाखान्यात जी प्रतिविषाची लस मिळते ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी आहे. समुद्रसापावर ती चालत नाही.

आता शब्दांकडे

दुकानात गिऱ्हाईक नसलं की मला हा नाद आहे. कासव म्हटलं की मराठीत फार तर कूर्म, कच्छप आठवतात, तेही पोथीतले. ते जमिनीवरचं असो, विहिरीतलं असो की समुद्रातलं, बोलताना सगळं कासवच. सापाला मात्र नाग, मण्यार, घोणस, फुरसं, धामण, दिवड, नानेटी, हरणटोळ, तस्कर, कवड्या. ज्याच्यामुळे जीव जाऊ शकतो त्याची जातवार ओळख गावाला ठेवावीच लागते. कासवाने कुणाचं काही बिघडवलं नाही, त्यामुळे त्याला एक नाव पुरलं.

बोलताना साप 'तो', कासव 'ते'. फोनवर कुणी "ते बुडलं" म्हणालं की मी जरा सैल होते. पण फसू नका, 'जनावर'ही 'ते'च. आणि सापसुरळी नावात साप मिरवते तरी साप नाही. तिला चार पाय असतात, पापण्या असतात, विष नसतं. तिच्यासाठी मला बोलावू नका.

गंमत पुढे आहे. साप हा सर्प, आणि सर्प संस्कृत 'सृप्'वरून, सरपटणे त्याच घरातलं. शाळेच्या पुस्तकात साप आणि कासव दोघांनाही सरपटणारे प्राणी म्हणतात. म्हणजे चार पायांवर चालणाऱ्या कासवाला वर्गाचं नाव मिळालं ते सापाच्या चालीवरून. पुराणात नेमकं उलट. कद्रूच्या पोटी झालेल्या सगळ्या नागांचा बाप कश्यप, आणि 'कश्यप' या शब्दाचा एक अर्थ कासव! समुद्रमंथनात तर दोघं एकाच कामाला जुंपलेले, खाली कूर्म आणि मंदाराला वासुकीचे वेढे.

गीतेत स्थितप्रज्ञ माणसाला कासवाची उपमा आहे, अंग आवरून घेणाऱ्या. ती तळ्यातल्या, जमिनीवरच्या कासवाला लागू. समुद्री कासवाला डोकं आत घेताच येत नाही. संतांच्या वाणीत कासवी नुसत्या नजरेने पिल्लं पोसते, आणि वेळासची कासवी अंडी झाकून पाण्यात जाते ती मागे बघत नाही. मला दोन्ही गोष्टी आवडतात. एकीसाठी दुसरी खोटी पाडायची मला गरज वाटत नाही.

ओळख पटली, पुढे?

साप असेल तर लांब थांबा, त्याच्यावर नजर ठेवा आणि वनविभागाच्या 1926 वर फोन करा. चावला असेल तर दोरी बांधणं, चिरा देणं, मांत्रिक यातलं काहीही नको. हातपाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना. कासव असेल तर ते घरी आणून काचेच्या पेटीत ठेवू नका. वास्तूसाठी म्हणून तर नाहीच. आपली रानटी कासवं पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. दुकानात मिळणारं लाल कानाचं कासव अमेरिकेतलं आहे. त्याचा कंटाळा आला म्हणून गावच्या तळ्यात सोडलंत तर आपल्या कासवांच्या तोंडचा घास जातो.

परवा त्याच आजींचा फोन आला. विहीर उपसायची आहे, दोन दिवस कासव कुठे ठेवू? वनरक्षकांच्या कानावर घातलं आणि आजींना सांगितलं: मोठं पिंप, विहिरीचंच पाणी, अर्धं झाकण, सावलीत. नातवंडांनी बोट घालायचं नाही. आजी म्हणाल्या, "ती नाही घालत आता. तुझं नख बघितलंय त्यांनी."