केगावच्या वर्गात बसलेली पोलीस: विद्यापीठातली थरारकथा लिहिताना या चुका टाळा

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांवर जातो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि माझ्याकडे हस्तलिखितं यायला लागतात. मी पुष्कळ वर्षं महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवलं. जुने विद्यार्थी अजूनही ‘मॅडम, एवढं वाचून सांगा’ म्हणत वह्या, फायली आणून देतात. यंदा तिघांचा विषय एकच निघाला. विद्यापीठाच्या वसतिगृहात एका विद्यार्थ्याचा संशयास्पद मृत्यू होतो आणि तपासासाठी एक तरुण पोलीस विद्यार्थिनी बनून वर्गात येऊन बसते. कल्पना तिन्ही ठिकाणी जिवंत आहे. पण तिन्ही कथा जवळपास सारख्याच जागी अडल्या. तिघांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. असं काही लिहायला घेतलेल्या इतरांनाही उपयोग होईल.

विद्यापीठ म्हणजे नुसती गर्दी नव्हे

पहिली चूक पहिल्या पानावरच होते. नायिका ‘विद्यार्थ्यांच्या गर्दीत मिसळून जाते’. कुठली गर्दी? आपलं सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला सुरू झालं. त्याआधी इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. एका जिल्ह्यापुरतं हे विद्यापीठ. बी.ए., बी.कॉम.ची पोरं शहरातल्या आणि तालुक्यांच्या महाविद्यालयांत असतात. पुणे रस्त्यावर केगावला जो परिसर आहे तिथे मुख्यतः पदव्युत्तर विभाग आहेत. एम.ए., एम.एस्सी.च्या वर्गात मोजकी डोकी असतात. तिथे नवा चेहरा मिसळत नाही, उठून दिसतो.

शिवाय आपल्याकडे ओळख होताना दुसरा प्रश्न ठरलेला असतो: ‘गाव कुठलं?’ तुमच्या नायिकेने ‘करमाळा’ म्हटलं की वर्गातल्या कुणाची तरी मावशी करमाळ्यात निघते. मग आडनाव, मग ‘अमक्यांची तुम्ही कोण?’ तीन प्रश्नांत खोटं उघडं पडतं. एका विद्यार्थ्याने नायिकेला थेट मुंबईहून आणून बसवलं होतं आणि हा धोका त्याच्या लक्षातच आला नव्हता. यावर उपाय असा की खोटी ओळख खऱ्याच्या जवळ ठेवा. गाव तिचं खरं असू द्या, घर खरं असू द्या. फक्त मधली नोकरीची वर्षं बदला. ‘लग्न ठरलं होतं, मोडलं, म्हणून शिक्षण राहिलं’ असं सांगितलं की आपल्याकडे कुणी पुढे खोदून विचारत नाही.

कागदपत्रांचंही तसंच. सत्राच्या मध्येच प्रवेश कसा मिळाला? एलसी, पात्रता, दुसऱ्या विद्यापीठातून आली असेल तर मायग्रेशन, मग पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा नोंदणी क्रमांक. हे सगळं पोलिसांच्या एका फोनवर होत नाही. विद्यापीठातल्या किमान एका अधिकाऱ्याला खरं माहीत असावंच लागतं. तो माणूस वाया घालवू नका. साऱ्या परिसरात तिचं खरं नाव जाणणारा तो एकटा. तो आजारी पडला तर? त्याची बदली झाली तर? त्यालाच कुणाला तरी वाचवायचं असेल तर?

आणखी एक गोष्ट तिघांच्याही नजरेतून सुटली. पोलीस प्रशिक्षण केंद्रही केगावलाच आहे. शिपायांचं प्रशिक्षण तिथे होतं, उपनिरीक्षकांचं नाशिकच्या अकादमीत. म्हणजे तुमची नायिका शिपाई असेल आणि तिने केगावलाच कवायत केली असेल, तर रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवाल्याने तिला पूर्वी गणवेशात पाहिलेलं असू शकतं. माझ्या मते यासारखं भय विकत मिळणार नाही.

बोलीचा घोटाळा

तीन दिवसांत सोलापुरी शिकलेली नायिका मला पटत नाही. ‘काय करूलालास बे?’ हे वाक्य पाठ करता येतं, पण त्यातला हेल येत नाही. बार्शीचा माणूस वेगळा बोलतो, सांगोल्याचा वेगळा; अक्कलकोटकडे घराघरांत कन्नड आहे; शहराच्या पूर्व भागात तेलुगू. हे रंग भरायचे म्हणून प्रत्येक वाक्यात ‘बे’ घालू नका, दोन पानांत वाचक कंटाळतो. त्यापेक्षा बोलीकडून काम करून घ्या. माणूस पैसे मोजताना, ठेच लागल्यावर, झोपेत आपल्या घरच्या भाषेत जातो. स्वतःला पंढरपूरची म्हणवणारी मुलगी मेसचे सुटे पैसे हलक्या आवाजात कन्नडमध्ये मोजते आणि शेजारची मान वर करून पाहते. एवढ्यावर एक प्रकरण उभं राहतं.

ती फार करते

हस्तलिखितांतली नायिका तिसऱ्या प्रकरणात विभागप्रमुखांच्या खोलीचं कुलूप उघडते, चौथ्यात मोबाइल हॅक करते. २०२२ मध्ये इंदूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात खरोखर काय झालं ते आठवा. रॅगिंगची तक्रार निनावी आली होती, भीतीने कुणी पुढे येईना. पोलिसांनी एका तरुण महिला शिपायाला विद्यार्थिनीसारखं पाठवलं. ती खांद्याला बॅग लावून काही महिने जात राहिली, कँटीनमध्ये बसली, गप्पा मारल्या, ऐकलं. त्यातून ११ सीनिअर विद्यार्थी ओळखले गेले. कुलूप एकही फोडलं नाही.

वेशांतराचं काम बहुतेक वेळ वाट पाहण्याचं असतं. कथा मध्यात बसली आहे असं वाटलं की नवीन लेखक दुसरा खून घालतो. मी सांगते, खून घालू नका. नायिकेला वाट पाहायला लावा आणि त्या काळात तिला कुणी तरी आवडू द्या. मैत्रीण म्हणून आवडू द्या. डब्यातली शेंगा चटणी वाटून खाणारी, तिच्या आजारपणात रात्रभर बसलेली मुलगी. आणि ती मुलगी संशयितांच्या यादीत असू द्या.

कबुलीजबाबाचा शेवट

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि तिघांनीही केलेली. शेवटच्या प्रकरणात गुन्हेगार कंबर तलावाच्या काठी नायिकेसमोर सगळं कबूल करतो, ती ओढणीआडचा रेकॉर्डर दाखवते, बेड्या पडतात.

भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३ सांगतं की पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. पूर्वीच्या पुरावा कायद्यात हेच कलम २५ होतं. तुमची नायिका सलवार-कमीज घालून बसली असली तरी नोकरीने पोलीसच आहे. आरोपीचा वकील पहिला हाच मुद्दा धरेल आणि रेकॉर्डिंगही त्यासोबत अडचणीत येईल.

जाणकार वाचक म्हणेल, पण वस्तू सापडली तर? कायद्यात ती वाट आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट उघडकीस आली, तर त्या गोष्टीशी थेट जोडलेला तेवढाच भाग ग्राह्य धरता येतो. निवेदन पंचनामा, दोन पंच, मुद्देमाल जप्ती हे सगळं आपण बातम्यांत वाचतो ते याच्याच जोरावर. पण अट अशी की माहिती देताना तो पोलिसांच्या ताब्यात असला पाहिजे. मैत्रिणीजवळ मन मोकळं करणारा ताब्यात नसतो.

आता पाहा तुमच्या नायिकेची अवस्था. खून कुणी केला ते तिला कळलं. मोबाइल हिप्परगा तलावात कुठे फेकला तेही कळलं. यातलं काहीच ती न्यायालयात त्याच्या तोंडून म्हणून वापरू शकत नाही. ‘गुप्त बातमीदारामार्फत बातमी मिळाली’ म्हणून वरिष्ठ पाणबुडे लावतील, मोबाइल सापडेलही. पण तो त्यानेच फेकला हे कशावरून? मग सीडीआर म्हणजे फोन कॉलच्या नोंदी, सीसीटीव्ही, तलावाकडे जाणाऱ्या रिक्षावाल्याचा जबाब. सगळं तिला आधीच माहीत असलेलं उत्तर आता दुसऱ्या दाराने आणायचं आहे, आणि तोवर रोज त्याच्याच शेजारी बसून नोट्स उतरवायच्या आहेत. मानसशास्त्रीय थरार म्हणतात तो हा. कबुलीजबाब शेवटी ठेवू नका, कथेच्या मध्यावर आणा. माझ्या तिघांपैकी एकीने एवढा एकच बदल केला आणि उरलेली कथा तिला आपोआप सुचली.

साक्षीदाराची आठवण

इथे मी शिक्षिका म्हणून थोडी जास्त बोलेन. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांचा १९७४ चा प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगायचे. लोकांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना साधं ‘धडकल्या’ म्हणून विचारलं. आदळल्या ऐकणाऱ्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. तरीही पहिल्या गटातल्या ५० पैकी १६ जणांनी हो म्हटलं, दुसऱ्यातल्या ५० पैकी ७ जणांनी.

तुमची नायिका मेसमध्ये सहज विचारते, ‘त्या रात्री तो घाबरलेला दिसत होता ना?’ संपलं. आता ‘घाबरलेला’ हा शब्द त्या मुलीच्या आठवणीत जाऊन बसला. महिन्याने ती पोलिसांना जबाब देईल तेव्हा अगदी प्रामाणिकपणे तेच सांगेल. वेश बदलून विचारपूस करणारी व्यक्ती साक्षीदार बिघडवू शकते, आणि आपण केलेलं हे तिला उशिरा कळतं. निरपराध माणूस अडकण्याचं याहून खरं कारण मला तरी सुचत नाही. यात कुणी दुष्ट असण्याची गरजच पडत नाही.

‘सायको’ खुनी

दोन हस्तलिखितांत खुनी ‘स्किझोफ्रेनिक’ आहे आणि त्याच्यात ‘दोन माणसं’ आहेत. स्किझोफ्रेनिया आणि एका माणसात अनेक व्यक्तिमत्त्वं असणं हे दोन वेगळे आजार आहेत. स्किझोफ्रेनियात भास होतात, भ्रम होतात. माणसाचे दोन तुकडे होत नाहीत. हा आजार असलेली बहुसंख्य माणसं कधीही कुणाला इजा करत नाहीत, उलट त्यांनाच त्रास देणारे पुष्कळ भेटतात. आपल्या गल्लीत असं एखादं घर असतं. त्या घरातली आई तुमची कथा वाचणार आहे, हे डोक्यात ठेवून लिहा. खुनाला मत्सर पुरतो, भीती पुरते, पीएच.डी.च्या प्रबंधातली चोरी उघड होण्याची लाजही पुरते.

विद्यापीठातल्या समुपदेशकाने नायिकेला मृत मुलाची सगळी फाइल हसत हसत काढून देणंही नको. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. तिला फाइल मिळू नये, यातच कथा आहे.

घाईत पाहून घ्यायच्या गोष्टी

१ जुलै २०२४ नंतर घडणाऱ्या कथेत ‘तीनशे दोन लावा’ असं कुणी म्हणणार नाही. खुनाच्या शिक्षेचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं १०३ आहे. जुना हवालदार सवयीने ३०२ म्हणाला तर ते मात्र छान वाटेल. वसतिगृहातला मृत्यू पहिल्या दिवशी खून म्हणून नोंदवला जात नाही. आधी अकस्मात मृत्यू, मरणोत्तर पंचनामा, सिव्हिलला शवविच्छेदन, गरज पडली तर व्हिसेरा (आतल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवतात आणि सीए रिपोर्टची, म्हणजे रासायनिक तपासणीच्या अहवालाची, वाट पाहतात. संमतीशिवाय नार्को चाचणी करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. फोन टॅप करायला गृह खात्याच्या वरिष्ठ पातळीवरची परवानगी लागते. शहरात आयुक्तालय आणि बाहेर ग्रामीण पोलीस. प्रेत कुठे सापडलं यावरून हद्द बदलते आणि माणसंही बदलतात. गोष्ट जानेवारीत असेल तर सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत अर्धा बंदोबस्त अडकलेला असतो, तपासाला माणसं मिळत नाहीत. आणि विद्यापीठाला कथेत वेगळं नाव द्या. जिवंत माणसांच्या खुर्च्यांवर खुनी बसवू नका.

प्रेमप्रकरण घालायचं असेल तर

घाला, पण गंमत म्हणून नको. ब्रिटनमध्ये वेशांतर केलेल्या पोलिसांनी आंदोलनांतल्या स्त्रियांशी खोट्या नावाने वर्षानुवर्षं संबंध ठेवल्याचं उघड झालं. त्या प्रकारांसाठी २०१५ मध्ये सरकारी चौकशी नेमावी लागली. ज्याच्यासोबत संसाराची स्वप्नं पाहिली तो माणूस त्या नावाचा नव्हताच, हे त्या बायकांना कळलं तेव्हा काय झालं असेल? नायिकेने संशयिताच्या भावावर प्रेम केलं आणि शेवटी ‘मी पोलीस आहे’ म्हटल्यावर त्याने तिला मिठीत घेतलं, असं एकाने लिहिलंय. तो मिठीत घेणार नाही.

शेवट अडला असेल तर

आरोपपत्राकडे बघा. खुनाच्या गुन्ह्यात आरोपी कोठडीत असेल तर ९० दिवसांत ते दाखल व्हायला हवं, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. त्या दिवसांत नायिका पुन्हा गणवेशात आलेली असते आणि तिचं नाव साक्षीदारांच्या यादीत असतं, तिच्या मैत्रिणीचंही असतं. तारीख पडते. जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात दोघी दोन टोकांच्या बाकांवर बसल्यात. मैत्रिणीच्या हातात पाण्याची बाटली आहे. दार उघडून शिपाई बाहेर येतो आणि नायिकेचं खरं नाव, वडिलांच्या नावासकट, तीनदा पुकारतो. मैत्रीण कोण उठतंय म्हणून मान वळवते. तो पुकारा लिहून काढा आणि मग मला दाखवायला आणा.