ओट्याचा दगड आणायला निघण्याआधी

आधी ओटा स्वतः मोजा, मिस्त्रीच्या ‘साधारण दहा फूट धरा’वर जाऊ नका. लांबी, रुंदी, सिंक कुठे, शेगडी कुठे, सगळं कागदावर काढून कागद खिशात ठेवा. ओटा अकरा फुटांचा आणि स्लॅब नऊची असेल तर जोड येणारच. तो सिंकपाशी नको, एवढं दुकानातच ठरवून घ्या. सिंकच्या पुढे-मागे दगडाची चिंचोळी पट्टी उरते आणि तडा तिथेच जातो.

पिशवीत लिंबू, पांढरा रुमाल, नेलपॉलिश रिमूव्हर आणि पाण्याची बाटली टाका. दुकानदार हसेल, हसू दे. काळ्याभोर ग्रॅनाइटवर रिमूव्हर लावून रुमाल घासा. रुमाल काळा झाला, तर दगड रंगवलेला आहे. लिंबाचा थेंब मात्र दहा मिनिटं तसाच राहू द्या. ग्रॅनाइटला त्याचं काही वाटत नाही. संगमरवर, कडप्पा, कोटा, शहाबादी हे चुनखडीच्या कुळातले, आंबट लागलं की त्यांचं पॉलिश मरतं. आमच्या जुन्या कडप्प्यावर कोकमाच्या वाटीखालचं पांढुरकं कडं शेवटपर्यंत होतं. तो डाग नव्हताच, तिथला दगडच खाल्ला गेला होता. म्हणून संगमरवर कितीही आवडला तरी तो देवघराला लावा.

फिकट ग्रॅनाइट हवा असेल तर तुकडा घरी आणून त्यावर रात्रभर हळद-तेल ठेवा. डाग बसला तर सीलर, म्हणजे दगडात तेल-पाणी मुरू न देणारा लेप, लागणार, नाहीतर सरळ गडद रंग घ्या.

स्लॅब पसंत पडली की ओल्या फडक्याने पुसा. बाकी दगड वाळला आणि एक बारीक रेघ ओलीच राहिली, तर ती चीर. मागची बाजूही बघा. तिथे जाळी चिकटवलेली असेल तर का, ते विचारा. मग मागे मार्करने सही करा आणि फोटो काढा, कारण घरी येणारी स्लॅब तीच असेलच असं नाही.

भाव चौरस फुटाचा सांगतात. त्यात कटिंग, मोल्डिंग (कडा गोलसर घासणं), सिंकचं होल, हमाली धरली आहे का, आणि पैसे अख्ख्या स्लॅबचे की वापरलेल्या तुकड्याचे, हे बिलावर लिहून घ्या.

१८ मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साडेचार किलोच्या आसपास भरतो, म्हणजे नऊ बाय सव्वादोनची पट्टी नव्वद किलो. ती लिफ्टमध्ये उभी मावते का, ते आदल्या दिवशीच टेपने बघून ठेवा. नाहीतर चौथ्या मजल्याची हमाली जिन्यात उभं राहून ठरवावी लागते.