दारात सांगता ते आत सांगा

स्त्रीरोगाच्या ओपीडीत मी 21 वर्षं सिस्टर म्हणून काढली. बाई आत डॉक्टरांना सांगते, "कंबर दुखते." मग केसपेपर घेऊन बाहेर येते आणि चप्पल शोधता शोधता मला म्हणते, "सिस्टर, खाली गोळ्यासारखं काहीतरी येतं हो, बोटानं आत ढकलावं लागतं." की मी तिचा दंड धरून परत आत. तोवर पुढची पेशंट टेबलावर चढलेली असते.

म्हणून घरूनच चिठ्ठी लिहून आणा. पाळीची तारीख म्हणजे सुरू झाली तो दिवस, थांबली तो नव्हे. "जास्त जातं" एवढ्यानं काही कळत नाही. दिवसाला पॅड किती, रात्री उठून बदलावं लागतं का, गाठी सुपारीएवढ्या की लिंबाएवढ्या, हे लिहा. पांढरं जात असेल तर रंग, वास, खाज. संबंधाच्या वेळी दुखतं हे तोंडातून निघत नसेल तर तेही चिठ्ठीत लिहा आणि चिठ्ठी टेबलावर सरकवा. डॉक्टर वाचतात.

सोबत सासूबाई किंवा आई असेल आणि तिच्यासमोर बोलायचं नसेल, तर सिस्टरला हळूच सांगा, "मला एकटीला बोलायचंय." मी अशा वेळी सासूबाईंना पैसे भरायला काउंटरवर धाडायची आणि सुनेला वजन करायला आत घ्यायची. "लग्न झालंय का?" या प्रश्नामागे बहुतेक वेळा संबंध आलेत का, हेच विचारायचं असतं. खरं उत्तर द्या, कारण आतून तपासायचं की नाही हे त्यावर ठरतं. तपासताना दुखलं तर "थांबा" म्हणा. डॉक्टर पुरुष असतील तर खोलीत दुसरी बाई असणं हा तुमचा हक्क आहे.

आता पिशवी, म्हणजे गर्भाशय. हा शब्द आमच्याकडे फार स्वस्त झालाय. "पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर," असं कोणी म्हटलं तर विचारा: कोणत्या रिपोर्टवरून? गोळ्यांनी भागणार नाही का? नुसती पिशवी काढणार की अंडाशयंही? कागदावर चित्र काढून दाखवायला सांगा. दोन्ही अंडाशयं गेली तर पाळी जाण्याचा सगळा त्रास तिशीतही एकदम सुरू होतो. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं, तेव्हा कित्येकींनी हे प्रश्न विचारलेच नव्हते, आणि त्यांना सांगितलंही नव्हतं कोणी. घाई नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

संमतीच्या कागदावर ऑपरेशनचं नाव वाचल्याशिवाय सही करू नका. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका बाईची पिशवी तिच्या आईच्या सहीवर काढली गेली होती. तातडीची गरज नसताना अशी सही चालत नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2008 मध्ये सांगितलं. गर्भपातालाही सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते. कायद्यात नवऱ्याची सही लागत नाही, तरी काही ठिकाणी अजून मागतात.

चुका आमच्याही होतात. एकदा भरल्या व्हरांड्यात मी ओरडले, "पांढऱ्या पाण्याची पेशंट कोण?" कोणीच उठलं नाही. ती बाई पुन्हा कधी आलीच नाही. त्या दिवसापासून मी नंबरनं बोलावत गेले.

निघण्याआधी औषध कसं घ्यायचं ते आपल्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगून दाखवा. एका आजींना सांगितलं होतं, "सहा गोळ्या आहेत, रोज रात्री एक, खालून घ्यायची." आठवड्यानं आल्या, खाज तशीच. म्हटलं, गोळ्या घेतल्या का? "घेतल्या की, सहाच्या सहा. रोज खाली जमिनीवर बसून, पाण्याबरोबर."