अमेरिकन यादवीत दुभंगलेलं घर कागदांतून कसं उलगडावं

अमेरिकन यादवी युद्धावर (१८६१–६५) प्रबंध, लेख किंवा कादंबरी लिहिताना ‘एक भाऊ उत्तरेकडून लढला, दुसरा दक्षिणेकडून’ हे वाक्य कुठेतरी येतंच. ते खऱ्या कुटुंबाच्या आधाराने लिहायचं असेल, तर बरेचसे कागद घरबसल्या पाहता येतात. गणवेशावरून निष्ठा ठरवण्याची घाई न करणं, हे त्याहून अवघड.

आधी भाग निवडा. बहुतेक जण केंटकी राज्याकडे वळतात, कारण तिथलं क्रिटेंडन घराणं प्रसिद्ध आहे. सिनेटर जॉन क्रिटेंडन युद्ध टाळण्यासाठी तडजोड मांडत होते. त्यांचा एक मुलगा जॉर्ज दक्षिणेचा जनरल झाला, दुसरा थॉमस उत्तरेचा. पण अशा घरांतल्या मुलांना निवड करायला वाव होता. साध्या शेतकऱ्याच्या घरात काय झालं हे पाहायचं असेल, तर पूर्व टेनेसी घ्या. जून १८६१ च्या मतदानात टेनेसी राज्याने अमेरिकन संघातून (म्हणजे उत्तरेच्या बाजूतून) फुटण्याचा कौल दिला, पण राज्याच्या पूर्व भागाने मोठ्या बहुमताने विरोध केला. तिथले हजारो तरुण डोंगर ओलांडून केंटकीत गेले आणि उत्तरेच्या सैन्यात भरती झाले. मागे राहिलेल्यांवर दक्षिणेच्या सक्तीच्या भरतीची टांगती तलवार होती. घर दुभंगण्याचं कारण अनेकदा एवढंच असतं: कोण आधी निसटला आणि कोण मागे सापडला.

आता १८६० ची जनगणना उघडा आणि त्या घरातली सगळी नावं, वयं, जन्मस्थानं एका कागदावर उतरवा. कुटुंबप्रमुखाशी असलेलं नातं सांगणारा रकाना १८८० मध्ये आला. त्यामुळे एकाच आडनावाचे तीन तरुण दिसले म्हणून ते भाऊ ठरत नाहीत. एखादा पुतण्याही असू शकतो. १८५० ची जनगणना आणि वडिलांचं मृत्युपत्र यांच्याशी ताडून पाहा. गुलामांची यादी वेगळी असते. तिथे मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि वर्ण असतो, माणसाचं नाव जवळपास कधीच नसतं. त्याच घरातून पळून कोणी उत्तरेच्या कृष्णवर्णीय पलटणींत गेला का, हेही शोधा. ते सोडलं तर त्या घरातली अर्धी फाटाफूट दिसतच नाही.

मग नॅशनल पार्क सर्व्हिसच्या (अमेरिकेची राष्ट्रीय उद्यानं आणि ऐतिहासिक स्थळं सांभाळणारी संस्था) सैनिकसूचीत प्रत्येक नाव घाला. तिथे सुमारे ६३ लाख नोंदी आहेत. त्या नोंदी आहेत, माणसं नव्हेत. एकच माणूस दोन-तीनदा येतो, कधी आद्याक्षरांनी, कधी चुकीच्या स्पेलिंगने. त्याहून मोठा सापळा पलटणींच्या नावांचा. ‘फर्स्ट टेनेसी’ दोन्ही बाजूंना होती. ‘फर्स्ट मेरिलँड’ही होती, आणि २३ मे १८६२ ला फ्रंट रॉयल इथे या दोन फर्स्ट मेरिलँड एकमेकींवर चालून गेल्या. म्हणून पलटणीच्या नावाआधी बाजूचा रकाना वाचा.

नाव पक्कं झालं की नॅशनल अर्काइव्ह्जमधलं सेवापुस्तक मिळवा. ही हजेरीपटांवरून पुढे तयार केलेली कार्डं आहेत, साधारण दर दोन महिन्यांना एक. दोन्ही भावांसाठी शेजारीशेजारी रकाने आखा: तारीख, ठिकाण, हजर की गैरहजर, शेरा. त्यावर दोन आडव्या रेघा मारा. १६ एप्रिल १८६२ ला दक्षिणेचा सक्तीच्या भरतीचा कायदा झाला (१८ ते ३५ वयोगट), आणि ३ मार्च १८६३ ला उत्तरेचा. उत्तरेत सुरुवातीला ३०० डॉलर भरून त्या खेपेपुरती सुटका करून घेता येई. रेघेनंतरची भरती मनापासूनची होती असं धरता येत नाही. रेघेच्या जरा आधीची तर आणखी संशयास्पद, कारण कायदा येणार हे कळल्यावर निदान पलटण तरी आपल्या पसंतीची मिळावी म्हणून अनेकांनी नाव नोंदवलं. कार्डावर ‘कैदी’ आणि पुढे ‘निष्ठेची शपथ घेतली’ असं दिसलं, तर तोच माणूस उत्तरेच्या यादीतही शोधा. कैदेतून सुटण्यासाठी दक्षिणेच्या हजारो सैनिकांनी उत्तरेचा गणवेश घातला आणि त्यांच्या पलटणी पश्चिम सरहद्दीवर पाठवल्या गेल्या.

खरा खजिना मात्र सदर्न क्लेम्स कमिशनच्या दाव्यांत आहे. १८७१ मध्ये हा आयोग नेमला गेला. उत्तरेच्या सैन्याने नेलेली खेचरं, मका, जळणासाठी उपसलेली कुंपणं यांची भरपाई दक्षिणेत राहूनही अमेरिकन संघाशी एकनिष्ठ राहिलेल्या नागरिकांनी मागायची होती. २२,२९८ दावे आले. दावेदाराला शपथेवर विचारलं जाई: जवळचं कोणी दक्षिणेच्या सैन्यात होतं का? त्याला पैसे, सामान दिलं का? म्हणजे मुलाला निघताना घोडा दिला का, याचं उत्तर बापाला द्यावं लागे, आणि ‘हो’ हे उत्तर दाव्याला मारक ठरू शकत असे. ‘माझ्या मनाविरुद्ध गेला’ हे वाक्य वाचलं की लगेच मुलाच्या भरतीची तारीख आणि शेजाऱ्यांच्या साक्षी तपासा; पैसे पणाला लागलेले असताना दिलेली ती जबानी आहे. नामंजूर दावे आधी वाचा, घरातली भांडणं तिथे जास्त उघडी पडतात. ते प्रतिनिधिगृहाच्या दप्तरात आहेत, मंजूर झालेले खजिना खात्याच्या. केंटकी, मिसुरी, मेरिलँड ही राज्यं आयोगाच्या कक्षेत नव्हती. पूर्व टेनेसी निवडायचं हेही एक कारण.

शेवटी निवृत्तिवेतन. उत्तरेच्या सैनिकाचं केंद्र सरकारकडे शोधा, दक्षिणेच्या सैनिकाचं राज्याकडे, आणि तेही लढला त्या राज्यात नव्हे, तर म्हातारपणी राहत होता त्या राज्यात. टेनेसीचा माणूस टेक्ससच्या दप्तरात सापडू शकतो.