ब्लॉगवर प्लगिन टाकताय? या चुका टाळा

इंदूरात मराठी ब्लॉग लिहिणारे अजून बरेच आहेत, कोणी नाटकांवर लिहितं, कोणी होळकरांच्या जुन्या इमारतींवर, कोणी रेसिपी टाकतं, आणि यातल्या कोणाची साइट अडली की फोन आपल्याला येतो, कारण आपलं रोजचं कामच ते. वाक्य ठरलेलं असतं. "काही केलं नाही हो, एक प्लगिन टाकलं फक्त, आणि साइट पांढरी झाली." (प्लगिन म्हणजे साइटला एखादी जादा सोय जोडणारं छोटं सॉफ्टवेअर.) मग आत जाऊन बघावं तर ते एक प्लगिन बिचारं ठीकच असतं, पण त्याच्या आधीची दोन डझन तिथे ठाण मांडून बसलेली, त्यातली निम्मी कोणी टाकली आणि कशाला टाकली हे खुद्द ब्लॉगवाल्यालाच माहीत नसतं. माझं मत विचाराल तर प्लगिन खराब निघतं असं कमी वेळा होतं, टाकायची पद्धत खराब असते हेच जास्त.

हे सगळं वर्डप्रेसबद्दल, म्हणजे ब्लॉग चालवायच्या सॉफ्टवेअरबद्दल आहे बरं का, तेही स्वतःच्या होस्टिंगवरच्या (साइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरच्या). ब्लॉगरवर प्लगिन हा प्रकारच नाही, तिथे गॅजेट असतात. वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट प्लॅनवरही प्लगिन टाकता येत नाही, तेव्हा "मला ते बटणच दिसत नाही" अशी तक्रार असेल तर बिघाड काही नाही, प्लॅनच तसा आहे.

काम ठरायच्या आधीच प्लगिन शोधणं

यूट्यूबवर "हे १५ प्लगिन हवेतच" असा व्हिडिओ बघायचा आणि एका बैठकीत पंधराच्या पंधरा टाकायचे. सगळ्यात मोठी चूक हीच, कारण त्यातली बरीच कामं वर्डप्रेस आता स्वतःच करतं. ऑगस्ट २०२० मध्ये ५.५ आलं तेव्हापासून साइटमॅप (गूगलला द्यायची पानांची यादी) आपोआप बनतो आणि फोटोंचं लेझी लोडिंगही (पान खाली सरकेल तसा फोटो आणणं) आपोआप होतं. २०२१ च्या ५.८ पासून वेबपी (कमी जागा घेणाऱ्या प्रकारचे) फोटो सरळ चढतात. गॅलरी, टेबल, बटण यांचे ब्लॉक एडिटरमध्येच आहेत. तरी लोकं साइटमॅपचं वेगळं, लेझी लोडचं वेगळं, टेबलचं वेगळं अशी भरती करत राहतात. व्हॉट्सॲपवर शेअर करायला म्हणून अख्खं सोशल शेअरिंगचं प्लगिन, जे वीस साइट्सचे आयकॉन आणि त्यांची स्क्रिप्ट प्रत्येक पानावर लादतं, त्याचीही गरज नाही, एका बटणाला व्हॉट्सॲपची साधी लिंक जोडली की झालं. आपल्याकडे शेअर होतं ते व्हॉट्सॲपवरच, पिंटरेस्टवर कोण जातंय.

साध्या ब्लॉगला काय लागतं? बॅकअपचं एक, स्पॅम कॉमेंट अडवायचं एक, एसईओचं (गूगलमध्ये साइट सापडावी म्हणून) एक, कॅशेचं एक (तयार पानाची प्रत ठेवून साइट झटपट उघडणारं, होस्टिंगवाला देत नसेल तर), आणि फॉर्म हवा असेल तर फॉर्मचं. बस. स्पॅमसाठी अकिस्मेट चांगलं आहे, पण त्याचं फुकट खातं फक्त खाजगी, बिनधंद्याच्या साइटसाठी असतं. तुम्ही जाहिराती लावल्या की पैसे भरायचे असतात.

फॉर्मबद्दल एक गोष्ट लोकांना उशिरा कळते. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ हे खूप वापरलं जातं, पण ते आलेला मेसेज साइटवर साठवत नाही, नुसता ईमेल करून मोकळं होतं. ईमेल स्पॅममध्ये गेला किंवा होस्टिंगनेच पाठवला नाही तर मेसेज गेला तो गेलाच. मग "माझ्या ब्लॉगवर कोणी लिहीतच नाही" असं वाटत राहतं आणि लोकं मात्र लिहून थकलेली असतात. त्यावर फ्लेमिंगो नावाचं जोडप्लगिन आहे, ते मेसेज साइटवर जपून ठेवतं, आणि ईमेल नीट जावा म्हणून एसएमटीपीचं एखादं लावायचं. ही दोन मात्र कामाची, यांना फालतू समजू नका.

नुसते स्टार बघून निवडणं

प्लगिनच्या पानावर स्टारच्या खालीच खरी माहिती असते. शेवटचं अपडेट कधी झालं, किती साइट्सवर चालू आहे, वर्डप्रेसच्या कुठल्या आवृत्तीपर्यंत तपासलंय. वर्डप्रेसच्या शेवटच्या तीन मोठ्या आवृत्त्यांवर तपासलेलं नसेल तर वर तशी पट्टीच येते, ती दिसली की परत फिरा. सपोर्टचा टॅब उघडून बघा, लोकांच्या प्रश्नांना कोणी उत्तर देतंय का, का नुसती रांग लागलीय. बऱ्याच प्लगिनना तिथल्या तिथे लाइव्ह प्रिव्ह्यूचं बटण असतं, त्यात वर्डप्रेसची तात्पुरती साइट ब्राउझरमध्ये उघडते, तिथे हवे ते प्रयोग करा, आपल्या साइटला धक्काही लागत नाही.

आणि मोठ्या आकड्याला भुलू नका. डिस्प्ले विजेट्स नावाचं प्लगिन २०१७ मध्ये सुमारे दोन लाख साइट्सवर होतं. मूळ मालकाने ते विकलं, नव्याने अपडेटमधून असा कोड घातला की लोकांच्या साइटवर परभारे स्पॅम पानं छापली जायला लागली, आणि सप्टेंबरात वर्डप्रेसने ते कायमचं काढून टाकलं. लाइटस्पीड कॅशे तर ५० लाखांपेक्षा जास्त साइट्सवर, त्यातही ऑगस्ट २०२४ मध्ये मोठं भगदाड सापडलं, बाहेरचा माणूस ॲडमिन होऊन बसू शकेल असं, ते ६.४ मध्ये बुजवलं. ज्यांनी अपडेट केलं ते सुटले. म्हणजे प्लगिन नावाजलेलं असलं तरी त्याला अपडेटची सवय तुम्हालाच लावावी लागते. ऑटो अपडेटचा पर्याय बहुतेक प्लगिनसमोर असतोच, छोट्या ब्लॉगला तो चालू ठेवायला मी तरी सांगतो.

टेलिग्रामवर "प्रीमियम प्लगिन फुकट" म्हणून जी झिप फिरते तिच्या वाटेला जाऊ नका. एवढंच सांगतो, यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

एकाच कामाला दोन

एका म्यानात दोन तलवारी, दुसरं काय. एसईओची दोन प्लगिन लावली की पानावर डिस्क्रिप्शन दोनदा जातं, साइटमॅप दोन होतात. कॅशेचं तर अजून वाईट. ही प्लगिन डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरात ॲडव्हान्स्ड-कॅशे नावाची एकच फाइल स्वतःची म्हणून ठेवतात, मग दुसरं आलं की पहिल्याची पुसतं किंवा अडून बसतं. तुम्ही पोस्ट बदलता, तुम्हाला बदल दिसतो कारण तुम्ही लॉगिन केलेलं असतं, आणि बहिणीला फोनवर जुनंच दिसतं. "बदल दिसत नाही" ही तक्रार आली की आधी कॅशे रिकामी करा, मग होस्टिंगच्या पॅनलमध्ये त्यांची वेगळी कॅशे चालू आहे का बघा, बरेचदा घोळ तिथे असतो.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या खास अडचणी

इथे जरा थांबतो कारण इंग्रजी व्हिडिओत हे कोणी सांगत नाही.

आमच्या एक मामी रेसिपी लिहितात. "भुट्ट्याचा कीस इंदुरी पद्धतीने" असं पोस्टचं नाव दिलं, तर लिंक "भुट्ट्याचा-कीस-इंदुरी-पद" इथेच तुटली. मामींना वाटलं एसईओ प्लगिनने खाल्लं, ते काढून दुसरं टाकलं, तरी तेच. प्लगिनचा संबंधच नव्हता. वर्डप्रेस लिंकसाठी २०० अक्षरांची जागा देतं, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह, म्हणजे काना, वेलांटी, अनुस्वार, हलंत सगळं वेगवेगळं मोजून, लिंकमध्ये ९-९ जागा खातं. हिशेब केला तर जेमतेम २२ चिन्हं मावतात. वर ती लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की बरेचदा टक्क्यांच्या खुणांची हातभर लांब शेपटी दिसते. उपाय फुकटचा: पोस्ट छापायच्या आधी उजवीकडे स्लगच्या (लिंकच्या शेवटच्या भागाच्या) रकान्यात रोमन लिपीत दोन-तीन शब्द टाकायचे. पोस्ट जुनी असली तर मात्र उगाच बदलू नका, लोकांनी शेअर केलेल्या असतात. वर्डप्रेस जुन्या लिंकवरून नव्यावर सहसा आपणच नेतं, पण ते छापलेल्या पोस्टपुरतं, पेजसाठी नाही.

दुसरं ते एसईओ प्लगिनच्या हिरव्या-लाल दिव्याचं. "अरे, तो लाल दिवा जातच नाही न, काय करू?" मामींनी त्या दिव्यापायी चांगल्या लिहिलेल्या पोस्टमध्ये "भुट्ट्याचा कीस" हेच दोन शब्द दर ओळीला कोंबले होते. आता मराठीत आपण "भुट्ट्याच्या किसात", "किसाला" असं लिहिणार, आणि योस्टसारख्या प्लगिनला मराठीची ही रूपं ओळखता येत नाहीत, त्याला वाटतं शब्द आलाच नाही. वाचायला सोपं आहे की नाही याचे त्याचे बरेच नियमही इंग्रजी वगैरे ठराविक भाषांसाठीच बनवलेले. मी सांगितलं, "मामी, दिवा लाल राहू द्या, टायटल आणि खालचं दोन ओळींचं वर्णन तेवढं नीट लिहा." गूगल तो दिवा बघत नाही, तो फक्त तुमच्या स्क्रीनवर आहे.

फोटोंचंही सांगून टाकतो. रंगपंचमीच्या गेरच्या मिरवणुकीचे फोनवरून काढलेले चाळीस फोटो, एकेक चार-पाच एमबीचा, सरळ चढवायचे आणि नंतर साइट स्लो झाली म्हणून कॅशे प्लगिन शोधायचं. वर्डप्रेस ५.३ पासून मोठा फोटो २५६० पिक्सेलवर आणून ठेवतं खरं, पण मूळ फाइलही तशीच सांभाळतं, वर लहान आकाराच्या सहाएक प्रती बनवतं, होस्टिंगची जागा भरते ती अशी. फोटो फोनमध्येच लहान करून चढवा.

टाकताना

एका वेळी एकच. टाका, चालू करा, मग लॉगिन नसलेल्या खिडकीत होमपेज, एक पोस्ट आणि फॉर्म उघडून बघा, फोनवरही बघा. सगळं ठीक असेल तर दुसऱ्या दिवशी पुढचं. रात्री साडेअकराला, सराफ्यातून गराडू खाऊन आल्यावर, झोपेच्या तारेत मोठं अपडेट मारू नका, होस्टिंगचा माणूसही तेव्हा कंटाळलेला असतो.

त्याआधी बॅकअप. अपड्राफ्टप्लस फुकटात पुरतं, पण त्यात बाहेरची जागा निवडली नाही तर तो बॅकअप त्याच होस्टिंगवर पडून राहतो, म्हणजे होस्टिंग गेलं की दोन्ही गेलं. गूगल ड्राइव्ह जोडा.

झिप चढवताना "तुम्ही ज्या लिंकवर आलात ती एक्स्पायर झाली" असं इंग्रजीत आलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा फाइल होस्टिंगच्या अपलोड मर्यादेपेक्षा मोठी असते, ती मर्यादा पॅनलमधून वाढते. आणि "व्हॅलिड प्लगिन सापडलं नाही" असं आलं तर झिपच्या आत अजून एक झिप आहे का बघा, विकत घेतलेल्या प्लगिनमध्ये कागदपत्रांसकट मोठं पुडकं देतात, आतली छोटी झिप चढवायची असते.

बिघडलंच तर

अपडेटच्या मधे लाइट गेली, टॅब बंद झाला, आणि साइटवर मेंटेनन्सची एक ओळ अडकून बसली, तर वर्डप्रेस १० मिनिटांनी ती आपणच सोडून देतं. चहा घ्या. तरी राहिली तर मुख्य फोल्डरातली मेंटेनन्स नावाची लपलेली फाइल काढा.

"क्रिटिकल एरर" आला तर २०१९ च्या ५.२ पासून एक सोय आहे, वर्डप्रेस ॲडमिनच्या ईमेलवर एक लिंक पाठवतं, तिथून आत गेलं की गोंधळ घालणारं प्लगिन तुमच्यापुरतं थांबवलेलं असतं आणि त्याचं नावही सांगतं. पण हा ईमेल जातो कोणाला? साइट ज्या पोराने बनवून दिली त्याचाच पत्ता सेटिंग्जमध्ये राहिलेला असतो, आणि तो पोरगा पुण्याला नोकरीला लागून चार वर्षं झालेली असतात. सेटिंग्ज, जनरल, तिथे आजच बघून घ्या.

ईमेल नाहीच आला तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये डब्ल्यूपी-कंटेंट उघडा, आत प्लगिन्स नावाचं फोल्डर आहे, त्याचं नाव बदलून मागे काहीही जोडा. साइट उघडली म्हणजे दोष प्लगिनचाच. मग ॲडमिनमध्ये प्लगिनचं पान एकदा उघडायचं, सगळी बंद झाल्याचं तिथे लिहून येतं, फोल्डरचं नाव परत पहिल्यासारखं करायचं आणि एकेक चालू करत जायचं, जिथे साइट पडली ते प्लगिन. सेटिंग्ज कुठे जात नाहीत, त्या डेटाबेसमध्ये असतात. नाव बदलूनही साइट उघडली नाही तर थीम (साइटचं रूप ठरवणारी) किंवा होस्टिंगकडे वळा.

साइट उघडतेय पण एखादी गोष्टच चालत नाही, अशा वेळी हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग हे प्लगिन बरं पडतं, ते बाकीची प्लगिन फक्त तुमच्यासाठी बंद करून दाखवतं, वाचणाऱ्यांना साइट नेहमीसारखीच दिसते. काम झालं की तेही काढून टाका. आणि काढताना बंद करणं आणि डिलीट करणं यातला फरक लक्षात असू द्या: बंद ठेवलेल्या प्लगिनच्या फाइली सर्व्हरवर असतातच, त्यात भगदाड असेल तर तेही असतंच. पेज बिल्डर (पानं रचायचं प्लगिन) असेल तर डिलीट करायच्या आधी बंद करून दोन-चार जुनी पानं उघडून बघा, कधी कधी मजकुराच्या जागी चौकोनी कंसातले कोड उरतात, मग आधी ती पानं साध्या ब्लॉकमध्ये उतरवून घ्यावी लागतात.