साखर कारखान्यात वायरलेस लावताय? आधी यार्ड भरू द्या

मे महिन्यात कारखाना बंद असतो, यार्ड मोकळं, आपण लॅपटॉप घेऊन चक्कर मारतो, जिकडे तिकडे सिग्नल फुल, त्यावर कोटेशन टाकतो, दसऱ्याच्या आसपास एपी (वायफायचे अॅक्सेस पॉइंट) बसवतो आणि गाळप सुरू होऊन आठवडा होत नाही तोच फोन, "साहेब, काट्यावरचं (ऊस तोलायच्या वजनकाट्यावरचं) नेट गेलं". ही चूक मी स्वतः केलीये, म्हणून सांगतोय.

कारण साधं आहे. उसात साधारण ७० टक्के पाणी असतं आणि २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यात जिरते. मे मध्ये जिथे नुसती हवा होती तिथे डिसेंबरात भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ट्रक, बैलगाड्या उभ्या, म्हणजे पाण्याची भिंतच, आणि ती भिंत दिवसभर सरकत असते. बगॅसच्या, म्हणजे रस काढून उरलेल्या चोथ्याच्या ढिगाचं पण तेच, त्यात निम्मं पाणी, आणि हंगाम सरत येतो तसा ढीग वाढत जातो. तेव्हा सर्व्हे जानेवारी-फेब्रुवारीत करा, यार्ड गच्च असताना. नाहीच जमलं तर रिकाम्या यार्डात सिग्नलचे २० डीबी (डेसिबल) जास्तीचे हातात ठेवा, म्हणजे रिसीव्हरला कमीत कमी -८० डीबीएम लागत असेल तर मे मध्ये -६० दिसलं पाहिजे. -७० दिसतंय, चालतंय की, असं म्हणू नका.

मग अँटेनाची उंची. समोरचा खांब डोळ्याला दिसतो म्हणजे लिंक झाली असं नसतं, लहर मधोमध फुगते. काट्यापासून ऑफिसपर्यंत ५०० मीटर धरले तर २.४ गिगाहर्ट्झला मध्यावर हा फुगवटा रेषेच्या चारी बाजूंनी जवळपास ४ मीटर, आणि त्यातला ६० टक्के भाग, म्हणजे सुमारे २.४ मीटर, मोकळा लागतो. भरलेला ट्रक ४ मीटर उंच धरा, त्यावर हे २.४, म्हणजे साडेसहा मीटरच्या खाली अँटेना नकोच. मी सरळ ९ मीटरचा खांब मागतो, स्टोअरवाले कुरकुरतात, करू द्या.

फ्रिक्वेन्सी निवडताना सगळं वायफायवर टाकायचा मोह आवरा. मळीच्या टाकीची लेव्हल, स्प्रे पाँडचं तापमान, असला डेटा दर पाच मिनिटाला चार बाइट, त्याला लोरा (थोडा डेटा लांबवर नेणारा रेडिओ) बेस्ट. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झला लायसन्स लागत नाही आणि तेवढ्याच अंतरात २.४ पेक्षा साधारण ९ डीबी कमी नुकसान होतं. (मात्र उपकरणाला ईटीए, म्हणजे रेडिओ उपकरणाची सरकारी मंजुरी, आहे ना ते बघून घ्या.) कॅमेरे आणि काट्याचा डेटा ५ गिगाहर्ट्झवर. आणि मिल हाउस, बॉयलिंग हाउसमधल्या ट्रान्समीटरना (माप पाठवणाऱ्या सेन्सरना) वायरलेसहार्ट, म्हणजे कारखान्यातल्या सेन्सरसाठीचं वायरलेस, कारण तिथे चारी बाजूंनी लोखंड, सिग्नल आपटून आपटून परत येतो आणि एका चॅनलवर एखादी जागा अगदी मेलेली निघते. वायरलेसहार्ट दर पॅकेटला चॅनल बदलतं, एकूण १५ चॅनल, आणि एक रस्ता बंद झाला तर शेजारच्या उपकरणावरून मेसेज पुढे जातो. ही चॅनलवरून चॅनलवर उडी मारायची आयडिया मुळात लष्करी, टॉर्पेडोचा रेडिओ शत्रूला जॅम करता येऊ नये म्हणून हेडी लमार आणि जॉर्ज अँथाइल यांनी १९४२ मध्ये पेटंट घेतलेलं, हो, हेडी लमार म्हणजे ती हॉलिवूड सिनेमातलीच. फक्त वायरलेसहार्टही २.४ वरच चालतं, तेव्हा त्या पट्ट्यात सेन्सरसाठी जागा मोकळी सोडा, वायफायने १, ६, ११ तिन्ही चॅनल अडवले तर उडी मारायला जागा कुठे राहणार?

एक गोष्ट मात्र ठाम. बॉयलर ड्रम लेव्हलचा ट्रिप (पाण्याची पातळी बिघडली की बॉयलर आपोआप बंद करणारा सिग्नल) वायरलेसवर टाकायचा नाही. कोणी कितीही प्रेझेंटेशन दाखवलं तरी नाही. तिथे वायरच.

आता व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह. नेट गेलं की सगळे व्हीएफडीला शिव्या घालतात, पण त्याचा विजेचा गोंगाट (नॉइज) २.४ गिगाहर्ट्झपर्यंत फारसा पोचतच नाही, तो घुसतो सप्लायमधून आणि इथरनेट केबलमधून, एपी हँग होतो आणि आपण चॅनल बदलत बसतो. म्हणून आयसोलेटेड २४ व्होल्टचा सप्लाय, डेटा केबलचा ट्रे मोटर केबलपासून वेगळा, जिथे ओलांडावंच लागेल तिथे काटकोनात, आणि लांबचा पल्ला असेल तर फायबर. खांबावर सर्ज अरेस्टर आणि नीट अर्थिंग पाहिजेच, वळवाच्या पावसात याचा हिशोब चुकता होतो.

बॉक्सवर आयपी६७ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. तो आकडा १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याचा, पण ग्लँड (केबल आत शिरते तिथलं सील) सैल राहिली तर त्याला काही अर्थ नाही. ग्लँड नेहमी खालच्या बाजूला, आत जाण्याआधी केबलला खाली लोंबता वळसा म्हणजे पाणी तिथूनच गळून पडतं, अँटेनाच्या कनेक्टरवर स्वतःला चिकटणारा रबर टेप, आणि आत घाम धरू नये म्हणून ब्रीदर (हवा जाऊ देणारी झडप). कारखान्यात सगळ्यात वाईट काय तर वाफ, बगॅसची धूळ आणि रस सल्फिटेशनला (गंधकाच्या धुराने रस साफ करायला) जिथे गंधक जाळतात तिथला वायू. ओलाव्यात तो तांब्याच्या पिना खातो, म्हणून त्या भागात साधा आरजे४५ (नेहमीचा इथरनेट प्लग) टाळा, सीलबंद एम१२ (गोल, आट्याचा) कनेक्टर घ्या. आणि उंदीर, त्यांच्यासाठी आर्मर्ड केबल, दुसरा इलाज मला सापडला नाही.

डिस्टिलरीच्या कुंपणाच्या आत वरचं काहीच जसंच्या तसं चालत नाही. इथेनॉलची वाफ असते, तिथे एक्स सर्टिफिकेट (स्फोटाच्या धोक्याच्या जागेसाठीचं) आणि पेसो या सरकारी स्फोटक-सुरक्षा संस्थेची मान्यता असलेलंच उपकरण, साधा एपी चांगल्या डब्यात घालून नेला तरी नाही.

सिक्युरिटीत निदान एवढं करा: फॅक्टरी पासवर्ड बदला, कॅमेऱ्यांचं व्हीलॅन (त्याच जाळ्यातलं वेगळं उपजाळं) वेगळं, आणि वायफायमधलं मॅनेजमेंट फ्रेम प्रोटेक्शन (जोडणी तोडणारे खोटे मेसेज अडवणारं) चालू, नाहीतर काहीशे रुपयांच्या बोर्डाने कोणीही तुमचे क्लायंट पटापट तोडू शकतो.

शेवटी टेस्ट. दोन मिनिटं पिंग करून सही घेऊ नका, फुल गाळप चालू असताना २४ तास लॉग ठेवा आणि मधेच मुद्दाम एका लिंकची पॉवर काढा, दुसरीवर किती सेकंदात जातंय ते बघा. काट्याच्या कॉम्प्युटरचं नेट पण काढून बघा. वजन तिथल्या तिथे सेव्ह होऊन स्लिप निघाली पाहिजे आणि नेट आल्यावर डेटा आपोआप वर गेला पाहिजे, कारण मागे रांगेत रात्रभर थांबलेला बैलगाडीवाला तुमचा एपी रीस्टार्ट व्हायची वाट बघणार नाही.